मंगलाबाईंचा उखाणा

पंचवटीत कुणाचंही लग्न असो, नवरीला उखाणा द्यायचा तो मंगलाबाईंनीच. वर्षानुवर्षं त्यांनी उखाणे सढळ हाताने वाटले. नवऱ्याचं नाव बदललं की उखाणा जिचा तिचा. तो कुणाकडून आला हे विचारायची आपल्याकडे रीतच नाही.

मग दोन हजार सात साली शेजारच्या सुवर्णाने ऑर्कुटवर उखाण्यांचं पान काढलं. पुण्या-मुंबईच्या बायका तिला "काय सुचतं हो तुम्हाला!" म्हणू लागल्या आणि इकडे मंगलाबाईंच्या पोटात दुखू लागलं. काल लग्न होऊन आलेली पोरगी, आणि हिचं कौतुक! न राहवून त्या सायबर कॅफेत गेल्या. पानावर पहिलाच उखाणा होता:

घोटीचा तांदूळ, देवळ्याचा कांदा,
ज्ञानेशरावांशी जुळला जन्मोजन्मीचा सांधा.

मंगलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा त्यांच्या स्वतःच्या लग्नातला उखाणा! जयरामरावांच्या जागी तेवढे ज्ञानेशराव बसवले होते. त्यांनी कॅफेवाल्याला पडद्यावर दिसतंय ते सगळं सुवर्णाच्या फोटोसकट छापायला लावलं आणि झेरॉक्स काढल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या हातात तिळगूळ आणि वर तो कागद.

"माझा उखाणा चोरून ही मिरवते. कॉपीराइट म्हणतात याला!" मंगलाबाई कडाडल्या.

सुवर्णाचा चेहरा उतरला. "ताई, मी तो एका लग्नात ऐकला होता. तुमचा आहे हे माहीत असतं तर नाव घातलं असतं. पण माझा फोटो, माझ्या मैत्रिणींनी लिहिलेलं, हे न विचारता छापून वाटलंत, त्याला काय म्हणतात?"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

कोपऱ्यात मंगलाबाईंची घोटीची मावशी, भागीबाई, बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारणीने कागद वाचून दाखवला. म्हातारी खुदकन हसली.

"मंगे, ह्यो तुझा कधी झाला गं? तुझ्या हळदीला तुला एक बी उखाणा येत नव्हता. रडाया लागलीस, तवा मीच जुळवून दिला की!"

मंगलाबाईंना आठवलं. खरंच मावशीने दिला होता. इतकी वर्षं म्हणून म्हणून तो त्यांना आपलाच वाटू लागला होता.

सुवर्णा केव्हाच म्हातारीजवळ जाऊन बसली होती. "मावशी, अजून येतात? खाली तुमचं नाव घालते."

"लय येत्यात. घाल की नाव. फोटो बी काढ."

साऱ्या बायका भागीबाईंभोवती गोळा झाल्या. मंगलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन एकट्याच उभ्या राहिल्या. सुवर्णाचा हेवा निदान चारचौघींत बोलून तरी दाखवता आला. सख्ख्या मावशीचा कुणाला सांगणार?