डाव्या अंगाचा बैल

ओल्या गेरूचा वास आला की मला मोताळ्यातला एक पोळा आठवतो. मराठी मुलखाचं राज्य नवं होतं आणि आमच्या शाळेला चित्रकलेचे मास्तरही नुकतेच मिळाले होते. सणाच्या तोंडावर वर्गातल्या एका मुलीच्या घरचा बैल मेला आणि ती शाळेत येईनाशी झाली. मास्तरांनी करवंट्यांत गेरू कालवला, काड्यांना कापूस गुंडाळला आणि अख्खा वर्ग तिच्या गोठ्यात नेला. उरलेल्या बैलाच्या समोरच्या भिंतीवर, त्याच्या उजव्या अंगाला, आम्ही गेलेला बैल काढला; वाकडं शिंग, कपाळावरची चांदणी, सगळं ती सांगत गेली. तिचे वडील चित्राजवळ येऊन बघू लागले. मग म्हणाले, "पोरंहो, हा तं जुवाले डाव्या अंगाले राहे." आमचे चेहरे उतरले. मास्तर काही बोलायच्या आत त्यांनी खुंटा उपटला, चित्राच्या उजव्या अंगाला ठोकला आणि बैल तिथं बांधला. "हाव, आता झाली जोडी." पोळ्याला तिच्या आईनं दोघांनाही ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. पुढं मीही चित्रकलाच शिकवली. नुसतं 'बैल काढा' असं मुलांना कधी सांगितलं नाही, आधी विचारायचे, "कोणाचा?"