सासऱ्यांचा राग आणि एक पेटंट

एक प्रकरण अजून मनातून गेलेले नाही. मी तेव्हा पुण्यात आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. ड्रेस्डेनच्या एका प्रयोगशाळेने विषाणुसंसर्गावर डीएनएचे औषध तयार केले होते. डीएनएचा नेमका तुकडा शरीरात सोडायचा आणि विषाणूशी लढण्याचे काम पेशींकडूनच करून घ्यायचे, अशी ती पद्धत. पेटंटचा अर्ज जाण्यापूर्वीच त्या तुकड्याची रचना पुण्यातील एका कंपनीच्या संकेतस्थळावर झळकली. ती मध्यस्थाकडून मिळाल्याचे संचालकाने कबूल केले. त्या मध्यस्थाचे खरे नाव काय आणि मूळ देणारा कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास प्रयोगशाळेला निनावी मेल आला. तेथील मराठी संशोधिकेने ड्रेस्डेनच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील आपल्या सत्कारात सारे उघड केले, असा आरोप होता. युरोपातील नियम कडक आहे. संशोधकाने स्वतः जाहीर सभेत शोध सांगितला, की पेटंट गेले. कोणी विश्वासघाताने फोडला असेल, तर ठरावीक मुदतीत अर्ज करता येतो. तिची नोकरी आणि त्या औषधाचे पेटंट, दोन्ही टांगणीला लागले होते.

रीतसर परवानगीने मी ड्रेस्डेनला गेलो. तपास जर्मन पोलिसांचा. मी केवळ साहाय्याला. तपासी अधिकारी एक मितभाषी बाई होत्या. जबाब सुरू झाले. मंडळाचा प्रत्येक जण म्हणे, "अप्रतिम बोलली! सगळं इतकं सोपं करून सांगितलं!"

"म्हणजे काय सांगितलं?"

"ते... आल्झो, म्हणजे, डीएनएबद्दलच. फारच छान."

सत्कारानंतर असे बोलण्याची आपली रीत आहे. जर्मन जबाबात मात्र "सगळं सांगितलं" एवढेच उतरत होते. कौतुक करणारेच तिला बुडवत होते.

मी संशोधिकेला विचारले, "त्या सभेवर कोणी नाराज आहे का?"

तिने मान खाली घातली. "माझे सासरे. पण त्यांना नका बोलावू. ते आधीच माझ्याशी बोलत नाहीत."

मी त्यांनाच बोलावण्याची विनंती केली. सासरे कोटाची सगळी बटणे लावून आले आणि बसण्यापूर्वीच सुरू झाले.

"साहेब, तुम्हीच न्याय करा. मी चारचौघांत विचारलं, 'अगं, नेमकं काय शोधलंस ते सांग की.' तर म्हणते, 'बाबा, अर्ज दाखल होईपर्यंत देवालासुद्धा सांगणार नाही. तुम्ही तर लगेच अख्ख्या सोसायटीला फोन कराल.' सगळे खो खो हसले. वर टाळ्या!"

"मग?"

"मग काय? मोदकाला हातसुद्धा लावला नाही मी!"

दुभाष्याने हे भाषांतरित केले. अधिकारी बाईंनी निनावी मेल पुन्हा काढला. त्यात लिहिले होते की, सासऱ्यांच्या प्रश्नाला तिने सविस्तर उत्तर दिले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकाराला होत्या," मी म्हणालो. "मराठी समजणाऱ्याने हे लिहिले नसते."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे बाई म्हणाल्या. त्यांनी लगेच सभेतील अमराठी पाहुण्यांची चौकशी केली. एकच होता. तिच्याच प्रयोगशाळेतील सहकारी. तिनेच त्याला आग्रहाने बोलावले होते. चौकशीत तो बराच वेळ टिकला, मग पुण्याच्या मध्यस्थाचे नाव सांगून मोकळा झाला. मेलही त्याचाच होता.

विश्वासघात सिद्ध झाला. अर्ज मुदतीत दाखल झाला. संशोधिका कामावर रुजू झाली.

त्या प्रकरणाने मला साक्षीदार निवडायला शिकवले. कौतुकाला तपशील लागत नाही. रागाला समोरच्याचा शब्द न् शब्द पाठ असतो. पुढे प्रत्येक तपासात तक्रार असलेल्या माणसाला मी आधी बोलावले.

दोघांचे ऋण मी मानतो. त्या अधिकारी बाईंनी परक्या पोलिसाला आपल्या टेबलाशी प्रश्न विचारू दिला. आणि त्या वृद्ध गृहस्थांनी, आपले झालेले हसे परक्या पोलिसांपुढे, काही न वगळता सांगितले.