लेस्टरमधली बिनपाटीची मेस

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. चहा ओता तोवर, पण हसायचं नाही. मी जे केलं ते शहाण्या माणसाच्या हातून होत नाही, आणि इथे ओमानात, सोहारमध्ये मी शहाणा म्हणून प्रसिद्ध होतो. होतो!

तेही एकाच बाबतीत. खाण्याच्या. सोहारच्या आमच्या मराठी मंडळींत कोणाला काही खायचं झालं की फोन मला. ‘सुर्वे, आज सुरमई ताजी कुठे?’ ‘सुर्वे, पाहुणे आलेत, शेजारच्या खाबुऱ्याला जेवायला कुठे नेऊ?’ मी मूळचा गुहागरकडचा, इथे पोलादाच्या कारखान्यात मेन्टेनन्सला, पण ओळख खवय्या म्हणून. माझी बायको वृंदा म्हणते, “यांना मशीन बंद पडलेलं कळत नाही, पण शेजारी कालवण उकळलं की लगेच कळतं.” म्हणू दे.

लग्नाआधीची वर्षं मी इथल्या मेसमध्ये काढली. गल्फमधली मेस म्हणजे काय, ठाऊक आहे ना? पाटी नाही, मेनू नाही. तळमजल्यावर एक उघडं दार आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. आपणही चपला काढायच्या, रांगेत बसायचं, पुढ्यात येईल ते जेवायचं. ढीग जितका मोठा तितकं जेवण चांगलं. ‘पाटी वाचून आत शिरतो तो टुरिस्ट, चपला बघून शिरतो तो खवय्या!’ हे माझं वाक्य मंडळाच्या प्रत्येक सहलीत लोकांना ऐकावं लागलेलं आहे.

तर अशा माणसाला कंपनीने ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. लेस्टर नावाच्या शहरात.

काय खाल्लं म्हणून विचारता? उकडलेला बटाटा. दुसऱ्या दिवशी उकडलेला बटाटा आणि उकडलेले मटार. दुपारी सँडविच, तेही थेट फ्रीजमधून! अहो, पाव तरी गरम करा! मी रोज रात्री वृंदाला फोन करून विचारायचो, “आज काय केलंस?” ती म्हणायची, “आमटी-भात.” मग मी बराच वेळ काही बोलायचोच नाही. तिला वाटायचं लाइन तुटली.

शनिवारी सुट्टी होती. टोपी, मफलर, दोन स्वेटर अशा अवतारात मी रस्त्यातून भटकत होतो. आणि एकदम वास आला. फोडणीचा! हिंग, मोहरी, कढीपत्ता! मी जागच्या जागी थांबलो. मग नाक पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात एका गल्लीत शिरली.

गल्लीच्या टोकाला निळं दार. उघडं. पाटी नाही. आणि बाहेर चपला! अहो, चपला! बूट, सँडल, कोल्हापुरीसुद्धा, ढीगभर! इंग्लंडच्या त्या थंडीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेस!

बूट काढून आत गेलो. दाराशी एका गृहस्थाने हात जोडले. “आइए, बैठिए.”

आता तुमच्यापैकी कोणीही आत पाऊल टाकताच ओळखलं असतं. पण मी इतकी वर्षं ओमानात काढलेला माणूस. आत सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. त्यात काय? इथे आमचा मॅनेजर पांढऱ्यात, बँकेतला कारकून पांढऱ्यात, मासळीचा लिलाव करणारासुद्धा पांढऱ्यात. पांढरा रंग माझ्या डोळ्यांना दिसायचाच बंद झालाय. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. म्हटलं, वा, फॅमिली सेक्शन वेगळा! सगळे मान खाली घालून गप्प जेवत होते. ही इंग्लंडची शिस्त! समोर टेबलावर एका आजोबांचा मोठा फोटो, त्याला हार, पुढे उदबत्ती. म्हणजे संस्थापक! आपल्याकडे हॉटेलांत गल्ल्यावर मालकाच्या वडिलांचा फोटो असतोच की नाही?

आणि खुद्द मालकाचं डोकं तुळतुळीत. मी मनात म्हटलं, स्वच्छतेची काय काळजी आहे बघा. जेवणात केस पडायचा प्रश्नच नाही.

जेवण काय वर्णावं! पुरी, बटाट्याची सुकी भाजी, वाल, डाळ, भात आणि दूधपाक. आपल्या खिरीचा थोरला भाऊ. मी तीनदा मागून घेतला. भोवतीचे लोक हळूच माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, कौतुकाने.

जेवून उठलो आणि थेट मालकाकडे गेलो. नाव हसमुखभाई.

“बिल?”

“बिल कैसा, भाई?” त्यांनी हात जोडले. “आप आए, यही बहुत है. कहाँ से आए?”

“ओमान से. मैं सुर्वे.”

“ओमान से? इतनी दूर से?”

“तो क्या! ऐसा खाना छोड़ता है क्या कोई?”

त्यांचे डोळे भरून आले. मी फोटोकडे बोट दाखवलं. “ये सब इन्होंने शुरू किया?”

“हाँ जी. सब बापूजी का ही है. अब बापूजी नहीं रहे.”

“हाँ, हार देखा मैंने. लेकिन आपने चालू रखा, ये बड़ी बात है.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “ऐसा ही चालू रखना! बंद मत करना! अगली बार मैं वाइफ को भी लेके आऊँगा.”

हसमुखभाईंनी पुन्हा हात जोडले. मग मी त्यांच्याच हातात माझा मोबाईल दिला, बापूजींच्या फोटोशेजारी उभा राहिलो, अंगठा वर केला आणि फोटो काढून घेतला. रात्री तो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. खाली ओळ : ‘लेस्टरमधली नंबर एक जागा. पाटी नाही, चपला बघा!’

बावन्न लोकांनी टाळ्या पाठवल्या हो!

इथवर सगळं ठीक होतं. पुढे आमच्या मॅनेजरच्या मुलाला नेमकं लेस्टरलाच कॉलेज मिळालं. मॅनेजर म्हणजे अबू फहाद. फहादचे वडील म्हणून अबू फहाद. इकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. उंच, गंभीर माणूस. माझ्याशी गेल्या कित्येक वर्षांत कामापलीकडे एक शब्द बोललेला नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सुर्वे, सब बोलता तुम खाने का उस्ताद. मैं फैमिली लेके जाता. मेरा अम्मा भी आता. अम्मा होटल का खाना नहीं खाता. हलाल-हराम का बहुत डर. अम्मा भूखा रहा तो मैं दो दिन में वापस, और फहाद उधर अकेला रोएगा. तुम सच बोलो, अच्छा जगह है?”

सांगा, मला कंठ फुटणार नाही का? मॅनेजरची आई, मुलाची पहिली परदेशवारी, सगळं माझ्या जिभेच्या भरवशावर!

“सर, प्युअर व्हेज. डर का सवाल ही नहीं. मालिक को बोलो, ओमानवाले सुर्वे ने भेजा.”

“बोर्ड पे नाम क्या?”

“बोर्ड नहीं है सर. चप्पल देखने का.”

त्यांनी डायरीत ‘चप्पल’ असं लिहून घेतलं. मग म्हणाले, “इन्शाल्ला.”

ते गेले. मी कारखान्यात छाती काढून फिरत होतो. मग त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एक फोटो : त्यांची आई एका घरात पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसून पुरी खात होती, दोघी मनापासून हसत होत्या. खाली एवढंच : ‘सुर्वे. संडे. माय ऑफिस.’

मी तो फोटोही ग्रुपवर टाकला. मला काय माहीत?

रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मी केबिनमध्ये गेलो. अबू फहाद उठले, दार लावलं आणि मला मिठी मारली. या माणसाने कधी हातसुद्धा धड मिळवला नव्हता.

“तुम इतना बड़ा आदमी,” ते म्हणाले, “और किसी को बोला नहीं!”

“क्या सर?”

“तुम ओमान से लेस्टर गया. अझा के लिए!”

अझा म्हणजे इकडचं दुखवट्याला बसणं. कोणी गेलं की घरचे बसतात. ओळख असो-नसो, कोणीही जावं, कहवा घ्यावा, जेवावं. त्याला इथे फार मोठं मानतात.

“किसका अझा, सर?”

“हसमुख का फादर का! बारहवाँ दिन का खाना था. तुम उधर बैठा, खाया.”

आता सांगा, माझं काय झालं असेल? पांढरे कपडे. तुळतुळीत डोकं. उदबत्ती. आणि मी! बाराव्याच्या पंगतीत तीनदा दूधपाक! ‘ऐसा ही चालू रखना’! कोणाच्या बाराव्याला जाऊन म्हणतात का असं? ‘अगली बार वाइफ को लेके आऊँगा’! आणि अंगठा! देवा, तो अंगठा!

अबू फहाद सांगत होते. ते गेले तेव्हा निळं दार बंद होतं, आतला हॉल तिथल्या गुजराती समाजाचा. रखवालदाराला त्यांनी ‘ओमानवाला सुर्वे’ म्हटलं, त्याने फोन लावला आणि हसमुखभाई धावत गाडी घेऊन आले, सगळ्यांना घरी घेऊन गेले. हसमुखभाईंची आई जन्मली झांझिबारला, आणि अबू फहादची आईसुद्धा तिथलीच. पूर्वी झांझिबारवर ओमानच्या सुलतानाचं राज्य होतं, म्हणून आपल्या ओमानात अशी पुष्कळ घरं. दोघी म्हाताऱ्या स्वाहिलीत सुरू झाल्या त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. फहाद आता दर रविवारी तिथे जेवायला जातो.

“और सुर्वे, तुमने बोला न, ‘बंद मत करना’? हसमुख ने वो पकड़ लिया. अभी हर महीने बापूजी के नाम से उस हॉल में सबको खाना खिलाता. तुम्हारे वास्ते!”

मला खरंच गहिवरून आलं. आणि लाजही इतकी वाटली की खरं सांगून टाकावं असं ठरवलं.

“सर, सुनो. मैं बापूजी को जानता भी नहीं था.”

“मालूम है! हसमुख बोला. पहचान नहीं, फिर भी गया. ये तो और बड़ा बात!”

“नहीं सर, मुझे लगा मेस है...”

“खलास, सुर्वे!” त्यांनी हात वर केला. “अच्छा आदमी अपना अच्छा काम हमेशा छुपाता.”

झालं! कबुलीजबाबसुद्धा माझ्या मोठेपणात जमा झाला.

तेव्हापासून काय चाललंय विचारू नका. या भागात कोणी गेलं की अबू फहाद मला गाडीत घालून नेतात. सोहार काय, खाबुरा काय! ‘ये सुर्वे, दुखवटे के लिए समंदर पार जाता,’ अशी ओळख करून देतात. मी मान खाली घालतो, ताटातला भात खातो आणि काहीही झालं तरी दुसऱ्यांदा मागत नाही. अंगठा तर खिशातच असतो.

वृंदाला मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं.

परवा मंडळातल्या कुलकर्ण्यांचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. “सुर्वे, आम्ही मँचेस्टरला चाललोय. तिकडे चांगलं जेवण कुठे मिळेल रे?”

मी तोंड उघडायच्या आत वृंदाने फोन हातातून ओढून घेतला.

“भावजी, आत्ता लगेच नाही सांगता यायचं. आधी तिकडे कोण वारलंय ते कळू द्या, मग हे पत्ता देतील.”