कारवारहून न केलेला फोन

हे घरात कुणाला ठाऊक नाही, आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटातही नाही. गावोगाव ओट्यांवर उभा राहून मी भोंदूंना तोंडावर खोटारडे म्हणत आलो — आणि स्वतःचं खोटं आजवर गिळून बसलो. आज तुम्हाला सांगतो. मध्ये अडखळलो तर अडखळू द्या.

१९८०च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण. खग्रास दिसणार होतं खाली कारवारकडे. आमच्या वसईत खंडग्रास. पण घाबरवायला तेवढं पुरे होतं. आमच्या गिरीज गावच्या वाड्यांत आधीच ठरलं — त्या दुपारी केळीच्या पानाला कोयता लावायचा नाही, भाजी खुडायची नाही, बायकांनी दारं लावून आत बसायचं. मी चिडलो. तेव्हा मी चिडायचोच. पत्रक काढलं: 'दारं उघडा. ग्रहण ही सावली आहे, शाप नाही.' त्यातलं एक अक्षर मी आजही मागे घेणार नाही. प्रश्न पत्रकाचा नव्हताच.

प्रश्न पट्टीचा होता.

माणिकपूरला एका फोटो स्टुडिओत मी कामाला होतो. वाया गेलेली, पूर्ण काळी झालेली कृष्णधवल फिल्म कापायची, दुहेरी करून पुठ्ठ्यात बसवायची आणि तिच्यातून सूर्य बघायचा — अशा पट्ट्या करून मी वाडीवाडीत वाटल्या. घरासाठी एकही उरली नाही. मग एका लग्नाच्या रंगीत फिल्मचं काळं टोक कापलं. काळं ते काळं, नाही का? ती पट्टी वहिनीच्या हातात दिली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. खाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातली, जिभेला हाड नसलेली. आई तिला आत बस म्हणून दटावत होती.

"भावजी, सासूबाई म्हनतात बाईनं गिरान बघितलं की नवऱ्यावर येतं," ती म्हणाली. "तुमच्या दादाला विचारलं. तो म्हनतो, बघ बाई, तेवढीच माझी सुटका."

"मग बघणार ना?"

"बघनार तर. तुमचं पत्रक घरात दुसरं वाचलंय कोनी?"

मी कॅमेरा घेऊन कारवारला गेलो. ग्रहणाच्या सकाळी किनाऱ्यावर जागा धरली. शेजारी आमच्या गटातलाच दुसरा कॅमेरेवाला होता, विनायक. रंगीत फिल्मचा उरलेला तुकडा मी माझ्यासाठी आणला होता. त्याने तो उन्हाला धरला आणि म्हणाला, "ही फेकून दे. रंगीत फिल्ममध्ये कृष्णधवलसारखी चांदी उरत नाही. उजेड अडतो, पण डोळा भाजणारं जे असतं ते आरपार जातं. दुखतसुद्धा नाही, म्हणून माणूस बघत राहतो."

"नक्की?"

"माझ्या बायकोच्या हातात तरी नसती दिली."

तो हसत म्हणाला. त्याला काय माहीत?

कारवारात टपाल कचेरी होती. माणिकपूरच्या स्टुडिओत फोन होता. ट्रंक कॉल लावला असता, तर मालकाने गिरीजला सायकलवर माणूस धाडला असता. वेळ होता — हे नीट ऐका — वेळ होता. पण कॉल लागेपर्यंत तिथे बसून राहावं लागणार, आणि मागे गर्दी वाढत होती. आकाश लख्ख होतं. असं आकाश, अशी जागा पुन्हा मिळणार होती का? मी स्वतःला समजावलं: वहिनी क्षणभर बघेल आणि कामाला लागेल. आई तिला बाहेर पडूच देणार नाही. 'दारं उघडा' लिहिणारा मी — आईने दार लावलेलं असू दे, अशी विनवणी करत उभा होतो. कुणाची विनवणी? मी तर कुणालाच मानत नाही.

ऊन पातळ होत गेलं. वाळूचा रंग राखेसारखा झाला. मग समुद्रावरून सावली आली, भिंत चालत यावी तशी, आवाज न करता. लोक ओरडले. मी बटण दाबत राहिलो. फोटो उत्तम आला.

घरी परतलो तेव्हा वहिनीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. "मानसाकडं बघितलं की कान दिसतात, तोंड नाय दिसत," ती म्हणाली. मीच तिला डॉक्टरांकडे नेलं.

"कशातून बघितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"भावजींनी दिलेल्या पट्टीतून. गिरान सुटेपर्यंत बघितलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "पट्टी कसली होती?"

आणि मी म्हणालो — "सगळ्यांना दिली तीच. हिने मध्ये काढली असणार."

"नाय हो, भावजी."

"आठवा नीट. एकदा तरी काढली असणार."

आवाज न चढवता बोललो मी, समजूत घालतात तसा. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "असेल. काढली असेल." घरी येऊन मी ती पट्टी चुलीत घातली.

आई म्हणत राहिली, ग्रहणाने दाखवलं. तिच्याशी मी तावातावाने भांडलो: ग्रहणाने नाही, वहिनीच्या निष्काळजीपणाने! म्हणजे तेच खोटं मी विज्ञानाच्या बाजूने वापरलं. तिच्या नजरेच्या मधोमध डाग कायमचा राहिला. समोरच्याचं तोंड दिसावं म्हणून ती मान वळवून तिरकं बघते. ठाऊक नसलेले म्हणतात, हिला गर्व चढला. आणि कारवारचा तो फोटो मी प्रत्येक सभेत पडद्यावर दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात.

मध्यंतरी गिरीजला सभा होती. फोटो दाखवून झाल्यावर वहिनी आपणहून उठली. बायकांना म्हणाली, "घाबरू नका. गिरान लागलं तर खुशाल बघा. फक्त पट्टी काढू नका. मी काढली होती, चूक माझीच." एकीने विचारलं, खरंच काढली होती का गं? ती माझ्या दिशेने मान तिरकी करून म्हणाली, "भावजींना विचारा."

तिने पट्टी काढली नव्हती. त्या सभेत मी तिच्या शेजारी उभा होतो, आणि मी होकारार्थी मान हलवली.