मावशीने वाचलेलं जपानी पुस्तक

काल म्हापशाच्या दुकानात माझ्या मुलीने एक जपानी चित्रकथा उघडली. त्या खरखरीत कागदाच्या वासाने मी थेट लहानपणीच्या तेरेखोलला पोहोचले.

माझी मावशी तिथल्या एका हॉटेलात खोल्या झाडायची. कुणा पाहुण्याने मागे ठेवलेलं तसलंच पुस्तक तिने माझ्यासाठी आणलं. इनामासाठी फरारी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या एका बाईची ती गोष्ट होती, एवढं चित्रांतल्या इनामाच्या पत्रकांवरून कळत होतं. मी वर्गात पहिली यायचे, पण इथे पुढचं काहीच उमगेना. पडलेला माणूस उठून पळत होता, गोळ्या जणू परत पिस्तुलात शिरत होत्या. वैतागून मी पुस्तक बाजूला टाकलं.

मावशी शाळेची पायरीही चढली नव्हती. तिने ते उचललं, चार पानं न्याहाळली आणि मागच्या बाजूने उघडलं.

"अगो, तू शेवटाकडसून सुरू केलंस. ही आधी छपरार चढता, मगे उडी मारता."

आणि ती बाई खरंच झेपावली! तिचे उडणारे केस, खाली खोल गल्ली. मावशीचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. शेवटी त्या बाईने पकडलेल्या माणसाचे दोर स्वतःच कापले, तेव्हा मावशी हळूच म्हणाली, "सोडल्यान तेका. इनाम नको झाला तिका."

"तुला कसं गो कळलं?" मी विचारलं.

"तिचा तोंड बघलंय."

तोवर मी मैत्रिणींत मावशीला अडाणी म्हणायचे. पुन्हा कधी तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.