गुडघ्यावर ताणायची पुरी

नाताळच्या दुसऱ्या दिवसाची यादी मी आठवडाभर आधी करून फ्रिजवर लावली होती. पहिली ओळ होती ‘मैदा आदल्या दिवशी मळून ठेवणे’. शेवटची होती ‘कमी बोलणे’. मधल्या सगळ्या ओळी व्यवस्थित पार पडल्या. घोटाळा झाला तो पहिल्या आणि शेवटच्या ओळीत.

माझा मुलगा दहा महिन्यांनी घरी येणार होता. आम्ही हॅनोव्हरला राहतो, तो हायडेलबर्गला शिकतो. रेल्वेने चारएक तास लागतात, म्हणजे न येण्याचं कारण अंतर नव्हतं. कारण होतं मीच केलेला एक तक्ता.

मी एका कारखान्यात सुट्या भागांच्या गुणवत्तेचं काम बघते. पुरवठादार पक्का करण्याआधी त्याचा तक्ता करायचा, डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे शंका, हे मी वर्षानुवर्षं करत आले आहे. मुलाने त्याच्या मैत्रिणीबद्दल पहिल्यांदा सांगितलं, की ती मेक्सिकोची आहे आणि हायडेलबर्गलाच जीवशास्त्रात डॉक्टरेट करते आहे, तेव्हा त्याच संध्याकाळी मी तिचाही तक्ता केला. मनात वाईट काही नव्हतं. विचार नीट व्हावा एवढाच उद्देश. आणि कागद हरवू नयेत म्हणून तो आमच्या घरच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवला, विम्याच्या पत्रांशेजारी. फेब्रुवारीत मुलाला क्रांकनकासचं, म्हणजे आरोग्यविम्याचं, एक पत्र हवं होतं. मी फोनवर म्हटलं, “सगळं फोल्डरमध्ये आहे, बघून घे.” त्याने सगळं बघून घेतलं.

त्यानंतर रविवारचे फोन दोन मिनिटांवर आले. बरा आहे, जेवलो, परीक्षा आहे, ठेवतो. मी दोनदा माफीचा मेसेज पाठवला. दोन्हीला अंगठा आला.

डिसेंबरात त्याचा निरोप आला. दोघं येताहेत, सव्वीस तारखेला, एका रात्रीसाठी. बाहनहोफजवळ, म्हणजे रेल्वे स्टेशनपाशी, हॉटेल बुक केलं आहे. तिला ह्या वर्षी मेक्सिकोला घरी जाता येत नाही, तर नाताळात तिच्या घरी करतात ते बुन्युएलोस आपल्याकडे करता येतील का? त्यांच्या विद्यार्थी-वसाहतीत अख्ख्या मजल्याला दोन शेगड्या आहेत.

“हॉटेल?” आमचे हे म्हणाले. हॉस्पिटल म्हणावं तसं.

मुलाची खोली जशीच्या तशी होती. मी चादर बदलली. त्या भेटीतून मला एकच गोष्ट हवी होती, मुलाने आपल्या घरी झोपावं. बाकी सगळं बुन्युएलोसवर सोडलं होतं.

मी चार व्हिडिओ बघितले आणि निष्कर्ष काढला की ही मैद्याची मोठी, पापडासारखी पातळ पुरी. तळायची, वर गुळासारख्या काळ्या साखरेचा पाक ओतायचा. तीस वर्षं दिवाळीचा फराळ करणाऱ्या बाईला ह्यात शिकण्यासारखं काय असणार? पंचवीस तारखेला दीड किलो मैदा परातीत घेतला, कडकडीत तुपाचं मोहन घातलं, घट्ट मळला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. पाहुणीचा वेळ वाचेल ह्या विचाराने मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आले. मुलाने वडिलांना मिठी मारली, माझ्या खांद्याला खांदा टेकवून तो बाजूला झाला. मुलगी बुटकी, दणकट, पाठीवर तिच्याएवढी सॅक. तिने माझ्याशी हात मिळवला, बूट काढले, आणि सॅकमधून एक पांढरं फडकं, बडीशेपेसारख्या दाण्यांची बाटली आणि एक लिफाफा काढला. लिफाफ्यात वाळलेली टरफलं होती, तिकडच्या कुठल्याशा हिरव्या टोमॅटोची. ती पाण्यात उकळून त्या पाण्याने मैदा मळतात, म्हणजे पुरी हलकी होते, असं तिने सांगितलं. तिच्या आईने पोस्टाने पाठवली होती.

“मैदा तयार आहे,” मी म्हटलं आणि फडकं उघडलं.

तिने गोळ्यात अंगठा दाबला. “हा कधी मळला?”

“काल. तुझा वेळ वाचावा म्हणून.”

“ह्यात काय आहे?”

“गरम तूप.”

तिने लिंबाएवढा तुकडा तोडला आणि दोन्ही हातांनी ताणला. तो बिस्किटासारखा मोडला. तिने दोन्ही अर्धे माझ्यासमोर धरले. “ह्याची बिस्किटं फार सुंदर होतील,” ती म्हणाली.

मुलगा हसला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला, त्यामुळे बिस्किटं मी मनावर घेतली नाहीत. आम्ही पदार्थ तोंडात विरघळावा म्हणून जीव टाकतो, आणि तिला हवं होतं ओढलं तरी न तुटणारं पीठ. सगळे व्हिडिओ मी आवाज बंद करून, इस्त्री करता करता बघितले होते.

तिने नवीन मैदा भिजवला. टरफलांचं कोमट पाणी, एक अंडं, जेमतेम चमचाभर लोणी. मग ती तो गोळा उचलून टेबलावर आपटू लागली. इतक्या जोरात, की आमचे हे वर्तमानपत्र घेऊन बघायला आले आणि परत गेले. अर्ध्या तासाने तिने गोळा झाकून ठेवला आणि म्हणाली, “आता एक तास.”

माझ्या वेळापत्रकात तो तास नव्हता. तळण त्या वेळेपर्यंत संपणार होतं.

तिची काळी साखर हॅनोव्हरात मिळाली नव्हती आणि दुकानं बंद होती. मी गुळाची ढेप काढली. तिने वास घेतला, तुकडा चाखला. इथे काहीतरी हृद्य घडायला हवं होतं, मी तशी तयारीही केली होती. ती म्हणाली, “चालेल. आमची जास्त काळी असते.” आणि गूळ दालचिनीबरोबर उकळायला ठेवला.

तासभर करायचं काय? कालचा मैदा फेकून देणं मला शक्य नव्हतं. मी त्याची पोळी लाटून शंकरपाळी कापायला बसले. मुलगा पलीकडे फोनमध्ये डोकं घालून होता. ती आली, खुर्ची ओढली, दुसरी सुरी घेतली. तिच्या शंकरपाळ्या माझ्यापेक्षा सारख्या होत होत्या.

“तुमचा तक्ता मी वाचला आहे,” ती म्हणाली.

मुलाने फोन खाली ठेवला. “राहू दे ना,” तो जर्मनमध्ये म्हणाला. आमच्याशी तो जर्मनमध्येच बोलतो, तिच्याशी आमचंही जर्मनच चाललं होतं; मराठी त्याला सगळं समजतं, वाचताही येतं.

“तू थांब. मी ह्याला एकेक ओळ भाषांतर करायला लावली. शंका मला समजल्या. व्हिसा, बरोबर. वयाने तीन वर्षं मोठी, बरोबर. फार मोठ्याने हसते.” ती थांबली. “तेही बरोबर. मला समजली नाही ती जमेच्या बाजूची चौथी ओळ.”

मला ती ओळ पाठ होती. ‘रंग आपल्यासारखाच, प्रश्न नाही.’

“तुम्ही तो गुण म्हणून लिहिला आहे,” ती म्हणाली. “म्हणजे मी गोरी असते तर कुठे लिहिला असता? आणि आणखी काळी असते तर?”

चुकलं, एवढं म्हणून पुरलं असतं. यादीत तसंच ठरलं होतं. पण मी म्हणाले, “माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्यांनी माझाही असाच हिशेब केला होता. तोंडी. त्यात माझा रंग शंकांमध्ये होता. मी तुझा जमेत टाकला. मला वाटलं, केवढी सुधारले मी.”

मुलाने माझ्याकडे बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं. दाराशी आमचे हे उभे होते. त्यांना माहीत होतं, त्यांच्याच आईने केला होता तो हिशेब. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“सुधारणा नव्हती ती,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

मला वाटलं ती हसेल. मोठ्याने. ती हसली नाही. “आता मैदा झाला असेल,” म्हणाली आणि उठली.

तिने लिंबाएवढे गोळे केले, लाटण्याने पुरीएवढे लाटले. मग खुर्चीवर बसली, ते पांढरं फडकं उजव्या गुडघ्यावर घट्ट पसरलं, आणि लाटलेली पुरी त्या गुडघ्यावर ठेवून कडा चहूबाजूंनी खाली ओढू लागली.

“अगं!” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचे हात थांबले. “काय झालं?”

“काही नाही.”

“सांग ना आई,” मुलगा म्हणाला. “तुझ्या तोंडावर लिहिलंय. चला, उजवीकडे नवीन ओळ. पाय.”

“आमच्याकडे अन्नाला पाय लावत नाहीत,” मी म्हटलं.

“गुडघा म्हणजे पाय?” तिने विचारलं. तिला खरंच कुतूहल होतं.

“तसं बघायला गेलं तर गुडघ्याच्या वर मांडी सुरू होते,” आमचे हे म्हणाले.

“अहो, तुम्ही तो धुराचा अलार्म सांभाळा.”

आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांना त्यांच्या गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरात एक नियम केला, कशाने काही बाटतं असं ह्या घरात कुणी म्हणायचं नाही. मी त्या नियमात वाढले. ड्युसेलडॉर्फला आमच्या मंडळींच्या कार्यक्रमात मी ह्याच विषयावर बोलले आहे, मुद्देसूद, वीस मिनिटं. आणि आता माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, धुतलेल्या फडक्याखालच्या धुतलेल्या गुडघ्याने माझा मैदा बाटत होता. आजोबांनी बाकी सगळं घराबाहेर काढलं, हे एवढं कुठल्या फटीत राहिलं कोण जाणे.

ती पुरी खिडकीसमोर धरून बघत होती. पलीकडचं झाड दिसत होतं तिच्यातून. “बशी पालथी घालूनही करतात,” ती म्हणाली, “पण मध्ये जाड राहते. माझी आई गुडघ्यावरच करते.” मग तिने फडकं झटकलं आणि माझ्यासमोर धरलं. “बसा.”

मी बसले. फडकं गुडघ्यावर पसरलं. मुलगा समोरच्या टेबलाला टेकून, हाताची घडी घालून बघत होता.

पहिली पुरी फाटली. दुसरी फाटली. तिसरी फाटली तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही ओढताय. ओढायचं नाही, फिरवत जायचं. गुडघ्याला काम करू द्या.” माझ्या गुडघ्याने इतक्या वर्षांत दुखण्याखेरीज काही काम केलेलं नाही. पण चौथी पसरली. मधोमध माझ्या गुडघ्याच्या वाटीचा आकार, भोवती झालर, एका बाजूला छोटं भोक.

“पास,” ती म्हणाली. “भोकासकट.”

मग आम्ही तळत गेलो. ताटाएवढी पुरी कढईत मावत नाही, म्हणून ती चिमट्याने कड दुमडून सोडायची आणि मी झाऱ्याने दाबायचे. दोनदा अलार्म वाजला. दोनदा आमच्या ह्यांनी स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घातला, डिसेंबरात सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मुलगा पाक वाढत होता. न सांगता.

जेवणाऐवजी तेच खाल्लं. फार चांगले झाले होते. कुरकुरीत, पाकाखाली हळूहळू मऊ पडत जाणारे. त्याच्या दुसऱ्या बशीनंतर तो घरीच झोपेल अशी मला खात्री वाटू लागली.

सातच्या सुमाराला मुलगा उठला आणि कोट घालू लागला.

“अरे, खोली तयार आहे,” वडील म्हणाले.

“बुकिंग आहे, पापा. स्टॉर्नो होत नाही, पैसे परत मिळत नाहीत.”

ती हलली नाही. तिने पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले होते. “मी इथेच झोपते,” म्हणाली. “माझे हात गळून गेलेत.”

“पण आपलं ठरलं होतं.”

“तुझं ठरलं होतं. दहा महिने तू माझ्या वतीने रागावलास आणि एकदाही मला विचारलं नाहीस. मला भांडायचं होतं. फेब्रुवारीतच, इथे येऊन, समोर बसून. तू म्हणालास, नको, मी बघतो.”

“मी तुझी बाजू घेतली!”

“माहीत आहे. माझी बाजू मला कधी परत मिळणार?”

तो कोट घालता घालता थांबला. एक बाही घातलेली, एक लोंबत होती. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी फक्त ‘राहा’ म्हणायचं होतं. दहा महिने तो एक शब्द तोंडात घेऊन बसले होते मी. पण सवय वाईट. मी म्हणाले, “मग तू तरी जा. एवढे हॉटेलचे पैसे भरलेले, वाया कशाला घालवायचे?”

आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मुलगा म्हणाला, दुसरी बाही घातली आणि गेला. माझाच मुलगा तो. सांगितलेलं काम करतो.

अशा रीतीने माझ्या मुलाच्या खोलीत, मी बदललेल्या चादरीवर त्याची मैत्रीण झोपली आणि मुलगा बाहनहोफसमोरच्या हॉटेलात. झोपायला जाण्याआधी ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. “माझा राग अजून गेलेला नाही,” म्हणाली. मी म्हटलं, “बरोबर आहे. पांघरूण जास्तीचं हवं का?” तिने दोन मागितली.

सकाळी साडेसातला बेल वाजली. मी उठणार होते, पण ती आधी पोचली. पॅसेजमध्ये दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी नळ सोडला आणि कालची कढई घासायला घेतली. मग तिचं हसणं ऐकू आलं. फारच मोठ्याने हसते ती.

तो आत आला. हॉटेलातला नाश्ता न करताच आला होता, हे त्याने बुन्युएलोसच्या ताटावर ज्या प्रकारे हात मारला त्यावरून कळलं. सगळे मऊ पडले होते. त्याने उभ्या उभ्या तीन खाल्ले. बॅग दारातच ठेवली होती. तिने ती उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

त्यांची गाडी बाराची होती. मी विचारलं नाही. गाडी त्या दिवशी त्यांच्याशिवाय गेली.