कोळंबी सोलतानाचं गाणं

परवा एका लग्नात ते ब्राझीलचं नाचाचं गाणं लागलं आणि झाडून सगळे उठले. मी बसून राहिलो.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. बहारीनला, मनामा शहरातल्या एका बड्या हॉटेलच्या किचनमध्ये आम्ही बर्फातली कोळंबी सोलत होतो. खिडकीपलीकडे पोहायच्या तलावाकाठी हेच गाणं चाललेलं. आपोआप कंबर हलावी असा ठेका, खुशीत आलेली ट्रंपेटं आणि गाणाऱ्या बायांचा धोशा, "सोल, सोल!"

"घ्या! गाणंपण मुकादम झालं," गुहागरचा दत्ताराम म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो.

वसईचा पास्कल तिथे वेटर होता. तो म्हणाला, "येड्यांनो, त्यांच्या भाषेत सोल म्हणजे ऊन."

दत्ताराम सुपरवायझरकडे वळला. "साब, पाँच मिनट धूप में जाने दो. उंगलियाँ सुन्न हो गईं, छुरी पकडी नहीं जाती."

"मफी, नहीं. बाहर गेस्ट बैठे हैं. यल्ला, जल्दी करो!"

बहारीनमध्ये ऊन नुसतं सांडलेलं असतं. तेसुद्धा पाहुण्यांसाठी राखीव! थोड्याच वेळात सुरी निसटली आणि दत्तारामचा अंगठा हाडापर्यंत कापला. सुपरवायझर धावत आला, रक्त बघून ओरडला, "अरे, पहले झींगा हटाओ!"